सर्व्हिस कोणाची?



'सर्व्हिस' हा शब्द कानावर पडला नाही असा एक दिवस राखोलीत जात नाही. लग्न जुळवायला आलेली माणसे पहिला प्रश्न विचारतात, "मुलगा कुठे सर्व्हिसला आहे?" गॅरेजवाला सांगतो, "गाडी सर्व्हिसिंगला टाका, संध्याकाळी घेऊन जा." विजेच्या खांबापासून घरच्या मीटरपर्यंत येते ती सर्व्हिस वायर, आणि पहिल्या पावसात तीच आधी तुटते. हॉटेलच्या भिंतीवर 'सेल्फ सर्व्हिस' लिहिलेले असते, म्हणजे तिथे सर्व्हिस मिळणार नाही. सुटीच्या दिवशी पोरे व्हॉलीबॉल खेळतात तेव्हा निम्मी भांडणे 'सर्व्हिस कोणाची' यावरून होतात. आणि रविवारी सकाळी आमचे प्रॉटेस्टंट शेजारी विचारतात, "तुमची सर्व्हिस किती वाजता?" आपण कॅथलिक लोक 'मिस्सा' म्हणतो, पण त्यांचा प्रश्न आपल्याला बरोबर कळतो.

मराठीने हा एक शब्द बारा वाटांनी पाठवला आहे. पगारासाठी केली तर नोकरी. त्यातच थोडी लाचारी आली तर चाकरी. आजाऱ्याची केली तर शुश्रूषा. देवाची केली तर उपासना, भक्ती. मोबदला न घेता केली तर सेवा. आणि मोबदला न देता करून घेतली तर? त्यालाही मराठीत शब्द आहे, आणि तो या भागात फार जुना आहे: वेठ. त्याच्याकडे पुढे येऊ.

धर्मशिक्षणाच्या वर्गात ही अडचण दरवर्षी येते. पुस्तक इंग्रजी, मुले घरी मराठी, वारली, कोकणा, गुजराती बोलणारी, काही घरांत हिंदी. धड्याचे नाव 'सर्व्हिस'. फळ्यावर काय लिहायचे? 'सेवा' लिहिले की मुले लगेच चर्चचा झाडू, फुलांच्या कुंड्या आणि वृद्धाश्रमाची भेट अशी यादी सांगू लागतात. 'बाबा रोज कंपनीत जातात ती सेवा का?' असे विचारले की सगळी गप्प. एका मुलाने स्वच्छ सांगितले, "ती सर्व्हिस आहे, सेवा नाही." वर्ग हसला. पण त्या पोराने शब्दकोशाचे काम चोख केले होते. आपल्या मनात या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि मधले दार आपण बंद करून घेतले आहे.

आमचे म्हणणे असे की पवित्र शास्त्रात हे दार बंद नाही. इंग्रजीने सगळे एकाच शब्दात कोंबले म्हणून आपण नाक मुरडतो, पण या एका बाबतीत इंग्रजी शब्द शास्त्राच्या जास्त जवळ आहे.

हिब्रू भाषेत 'अवोदा' म्हणून शब्द आहे. त्याचा अर्थ काम, मजुरी, गुलामी आणि देवाची उपासना, सगळेच. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते मशागत करायला. तिथले क्रियापद याच धातूचे आहे. निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरी लोक इस्राएलकडून चिखलाचे, विटांचे आणि शेतातले जाचक काम करून घेतात, तेही अवोदा. आणि तिसऱ्या अध्यायात देव मोशेला सांगतो की या डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल, तिथेही तोच धातू. म्हणजे निर्गमच्या पुस्तकात काम एका बाजूला आणि देव दुसऱ्या बाजूला असे भांडण नाहीच. भांडण आहे ते हे लोक कोणाचे, यावर. फारोची सर्व्हिस की देवाची? व्हॉलीबॉलच्या पोरांचाच प्रश्न.

पाचव्या अध्यायात तर फारो आपल्या ओळखीचा वाटू लागतो. मोशे तीन दिवसांची रजा मागायला गेला. फारोचे उत्तर थोडक्यात असे की हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून यांना यज्ञ सुचतो. मग त्याने पेंढा बंद केला आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. ज्यांनी टार्गेट हा शब्द रोज ऐकला आहे त्यांना या अध्यायाचे वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

धर्मशिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत आवडते ते वचन बाराव्या अध्यायातले सव्विसावे. वल्हांडणाचे भोजन चालू असताना मुले विचारतील की या विधीचा अर्थ काय. मूळ भाषेत इथेही 'अवोदा' आहे. तुमची ही सर्व्हिस म्हणजे काय, असे मुलाने आईबापांना विचारायचे आणि त्यांनी उत्तर म्हणून सुटकेची गोष्ट सांगायची. पहिला धर्मशिक्षणाचा वर्ग जेवणाच्या ताटाभोवती भरला तो असा.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत शब्द निराळे आहेत, पण एकही 'फक्त देवळातला' नाही. 'दियाकोनिया' म्हणजे मुळात पंगतीत वाढणे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, जरूर उघडून पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते, त्या वाटपाला शब्द दियाकोनिया. प्रेषित म्हणतात की आम्ही पंगतीची व्यवस्था पाहत बसणे बरे नव्हे, तिथेही तेच क्रियापद. आणि आम्ही वचनाच्या सेवेत राहू, तिथे पुन्हा दियाकोनिया. प्रवचन आणि पंगत यांना एकच शब्द. प्रेषितांनी कामे वाटून घेतली, पण एकाला वरचे आणि दुसऱ्याला खालचे नाव दिले नाही. शिवाय वाढप्यांत निवडलेला स्तेफन पुढच्याच अध्यायात सर्वांत लांब प्रवचन करतो, हेही लक्षात असू द्यावे.

'लात्रेइया' हा दुसरा शब्द. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पायला सांगतो आणि त्याला लात्रेइया, म्हणजे उपासना म्हणतो. या शब्दाचे मूळ मजुरीवर केलेल्या कामात आहे. तिसरा 'लितुर्गिया', ज्यावरून आपण लिटर्जी म्हणतो. जुन्या अथेन्समध्ये पैसेवाल्या नागरिकाने पदरच्या खर्चाने गावासाठी केलेल्या कामाला हे नाव होते. पौल हाच शब्द करिंथकरांना लिहिताना गरिबांसाठी गोळा केलेल्या पैशाला वापरतो. इतकेच काय, रोमकरांसच्या तेराव्या अध्यायात कर वसूल करणाऱ्यांनाही त्याच शब्दकुळातले नाव देतो. आपल्या सरकारने २०१७ मध्ये 'वस्तू व सेवा कर' आणला तेव्हा 'सेवा' शब्दाची कुचेष्टा झाली असे काहींना वाटले होते. पौलाला तसे वाटले नसते.

लॅटिनमध्ये 'सर्वुस' म्हणजे गुलाम, त्यावरून 'सर्व्हितियुम', त्यावरून इंग्रजी सर्व्हिस. शब्दाचा जन्म गुलामांच्या खोलीतला. तोच शब्द सहाव्या शतकाच्या अखेरीस महान ग्रेगरी या पोपमहोदयांनी स्वतःला लावून घेतला: देवाच्या सेवकांचा सेवक. आजही पोपच्या पदव्यांत तो आहे.

आपल्या 'नोकर' शब्दाचा प्रवास मात्र उलटा आणि फार गोड आहे. तो फारसीतून मराठीत आला, पण फारसीत आला मंगोल भाषेतून, आणि तिथे 'नोकोर' म्हणजे साथी, सोबती. चंगीझखानाच्या जिवाभावाच्या साथीदारांना हा शब्द होता. साथीदाराचा हळूहळू हुकमाचा ताबेदार झाला आणि आपण त्याला नोकर म्हणू लागलो. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की मी यापुढे तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. इतिहासाने सोबत्याचा नोकर केला, प्रभूने दासाचा सोबती केला. हा योगायोग आहे हे आम्हाला कळते, तरी तो वर्गात सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही.

आता शब्दांवरून माणसांकडे येऊ.

दमणगंगेच्या काठचा हा भाग करसवलतींमुळे कारखान्यांचा झाला. सूत, प्लॅस्टिक, तारा, औषधे, काय बनत नाही इथे! जळगाव, धुळे, नंदुरबारपासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसे आली, आणि इथले वारली, कोकणा, धोडिया शेत सोडून गेटवर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि तिच्यात निम्म्याहून थोडे अधिक आदिवासी. आपल्या मंडळीतही हेच दोन्ही लोक आहेत. त्यांची घड्याळे शिफ्टवर चालतात. कुठे तीन पाळ्या, कुठे आठ ते आठ. रविवार साप्ताहिक सुटीचा असेलच असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला एक सुटी दिली, पण रविवारऐवजी दुसरा दिवस देण्याची वाटही ठेवली. यंत्र थंड करून पुन्हा चालू करायचे तर माल वाया जातो, म्हणून माणसाचा रविवार हलवतात.

अशा माणसाला रविवारी आपण काय म्हणतो? "अहो, दिसत नाही तुम्ही चर्चमध्ये!" मग तो खाली बघतो. दुसऱ्या रविवारी दिसला तर आपण विनोद करतो, "वाट चुकलात काय?" तिसऱ्या खेपेला तो येत नाही. बायको-मुले येतात, तो घरी झोपतो, कारण सकाळी आठला रात्रपाळी सुटली आहे. आणि आपण यादीत त्याच्या नावापुढे मनातल्या मनात 'थंड' असा शेरा लिहितो. आम्ही इथे ठामपणे लिहितो की हा शेरा खोटा आहे. बारा तास उभे राहून, सूत तुटू न देता, घरी चार तोंडांचा घास आणणारा माणूस देवाच्या सेवेतून गैरहजर नाही. त्याला जो रविवार नाकारला गेला तो त्याने टाकलेला नाही.

रविवारची सुटी आपल्याला चर्चमुळे मिळाली अशी आपली समजूत असते. मुंबईच्या गिरण्यांत ती मिळाली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती. ती मिळायला १० जून १८९० उजाडला. रविवार हा खंडोबाचाही वार, हे इथे विसरू नये. ज्या दिवशी आपण निवांतपणे मिस्साला जातो तो दिवस एका सत्यशोधकाने हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांच्या पदरात टाकला. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. त्यात रास्त मजुरीचा आणि रविवारच्या विसाव्याचा आग्रह आहे. म्हणजे रोम आणि परळ जवळजवळ एकाच वेळी एकच गोष्ट बोलत होते.

मग आपण पाळीवाल्यांसाठी काय करतो? धर्मसभेचे कायदे आपल्यापेक्षा मोकळे आहेत. १९८३ च्या धर्मसभा संहितेतले १२४८ वे कलम सांगते की सणाच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. १२४५ वे कलम धर्मगुरूला योग्य कारणासाठी सवलत देण्याचा किंवा त्या जागी दुसरे सत्कृत्य सांगण्याचा अधिकार देते. आमच्या परिचयाच्या कितीतरी कामगारांना यातले काही माहीत नाही. ते वर्षानुवर्षे पापाचे ओझे घेऊन फिरतात आणि शेवटी ओझे नको म्हणून चर्चच नको म्हणतात. ही माहिती त्यांच्यापर्यंत नेणे हे कॅटेकिस्टचे काम आहे, फादरांची वाट बघत बसण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. इथे काही जण रागावतील, रागवोत.

'सेवा' हा मऊ शब्द आहे. इतका मऊ की त्यात पैशाचा हिशेब सहज बुडतो. अनेक धर्मग्रामांत हे चित्र दिसते. कीबोर्ड वाजवणाऱ्याला मानधन, सजावटवाल्याला बिल, मंडपवाल्याला ॲडव्हान्स. आणि जी बाई पहाटे येऊन अंगण झाडते, संडास धुते, सणाच्या जेवणाची मोठी पातेली घासते, तिला? "ती सेवा करते. देव तिचे भले करो." ती बाई बहुधा वारली किंवा कोकणा असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते की बाई, ही सेवा तू देतेस की आम्ही घेतो?

या शब्दाला या मातीत एक जुनी सावली आहे. सीमेपलीकडे उंबरगाव, तलासरी, डहाणू या पट्ट्यात सावकार आणि जमीनदार वारल्यांकडून फुकट राबवून घेत. तीच वेठ. नांगर, गवत, लाकूड, घरकाम, जेव्हा बोलावणे येईल तेव्हा. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघे बांधले जात, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये वारल्यांनी ही वेठ नाकारली, आणि त्यांच्यासोबत उभ्या होत्या गोदावरी परुळेकर. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या गोदावरीबाई मूळच्या कुठल्या? गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या. त्या समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. संस्थेच्या नावातच 'सेवक'. तिथून त्या वारल्यांच्या झोपडीत पोचल्या आणि त्यांना दिसले की ज्याला कोणी सेवा म्हणेल त्याला समोरचा माणूस वेठ म्हणतो. त्या आपल्या श्रद्धेच्या नव्हत्या आणि त्यांचा राजकीय मार्ग सर्वांना पटेल असेही नाही. पण डोळे त्यांचे चांगले होते. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी आली ती १९७६ च्या कायद्याने, म्हणजे आमच्या वयाच्या माणसाच्या आजोबांना ती स्वतःच्या पाठीवरून आठवत असे.

त्या आजोबांच्या नातीला आपण म्हणतो, "सेवा कर, पैसे मागू नकोस." तिच्या घरात हे वाक्य आधी कोणी, कोणत्या आवाजात म्हटले होते, ते आपल्याला ऐकू येत नाही. तिला येत असेल.

यावर उत्तर ठरलेले असते. पैसे दिले की पुण्य गेले, सेवेचा धंदा झाला, आणि तुम्ही कॅटेकिस्टसुद्धा फुकटच शिकवता ना? होय, आम्ही फुकट शिकवतो. आमची पोटापाण्याची सोय दुसरीकडे आहे. घरी पगार येतो म्हणून रविवारचे दोन तास देणे आम्हाला परवडते, आणि उद्या नाही म्हटले तर कोणी आमच्या दारात येऊन जाब विचारणार नाही. पौलाने करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरले आणि मंडळीकडून काही घेतले नाही. पण त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो निम्मा अध्याय खर्चून सिद्ध करतो की घेण्याचा हक्क आहे. आधी हक्क मांडतो, मग म्हणतो की मी तो वापरला नाही. हक्क सोडण्याचा आनंद ज्याच्या हातात हक्क आहे त्यालाच मिळतो. ज्या बाईला हक्क आहे हेच सांगितले नाही तिने काय सोडले? तिच्याकडून आपण काढून घेतले, आणि त्याला तिचा त्याग म्हटले.

धर्मसभेचा कायदा इथेही आपल्यापुढे आहे. संहितेचे २३१ वे कलम धर्मसभेच्या विशेष सेवेत वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा भागतील असे योग्य मानधन मिळण्याचा हक्क देते. १२८६ वे कलम चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्यांना बजावते की कामगारांच्या बाबतीत देशाचे कायदे पाळा आणि रास्त मजुरी द्या. शास्त्राचे तर विचारायलाच नको. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. अनुवादच्या चोविसाव्या अध्यायात आहे की सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला आहे. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की अडवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले लोक बाजारात उभे असतात तसे सिल्वासाच्या नाक्यावर रोज सकाळी माणसे डबा घेऊन उभी असतात. मळ्याच्या मालकाने अकराव्या तासाला आलेल्यालाही दिवसाची मजुरी दिली म्हणून आपण देवाच्या औदार्यावर प्रवचन ऐकतो. पण त्या मालकाने संध्याकाळी, त्याच दिवशी, सगळ्यांच्या हातात पैसे ठेवले, ही साधी गोष्ट प्रवचनात राहून जाते.

केडगावच्या मुक्ती मिशनची आठवण इथे होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून आले, तेही तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी. दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या, विणायला शिकल्या. रमाबाईंनी त्यांच्याकडून नुसती 'सेवा' घेतली नाही, त्यांच्या हाताला कसब दिले. ज्या सेवेतून करणारा अधिक उभा राहतो ती, आणि जिच्यातून तो अधिक वाकतो ती, या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे ही अडचण आहे खरी. इंग्रजीतही तीच अडचण आहे, म्हणून तिथल्याला हसू नये.

घरातल्या बायकांच्या सर्व्हिसबद्दल वेगळे लिहायला हवे, इथे एवढेच की मार्थेला बोल लावणारी प्रवचने बहुधा मार्थेच्या हातचे जेवून झाल्यावर होतात. लूकने तिच्या कामालाही दियाकोनियाच म्हटले आहे. आणि काना गावच्या लग्नात द्राक्षारस कुठून आला हे पंगतीच्या प्रमुखाला कळले नाही. योहान मुद्दाम नोंदवतो की पाणी काढणाऱ्या सेवकांना ते ठाऊक होते. चमत्काराचे पहिले साक्षीदार रांजण भरणारे होते.

पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी लेखी मांडणार आहोत. एक, महिन्यातून दोनदा तरी शनिवारी संध्याकाळी मिस्सा व्हावा. दुसऱ्या पाळीवाल्यांना ती वेळ जमणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी आठवड्याच्या सुटीच्या दिवशी एखाद्याच्या खोलीवर वाचन, प्रार्थना आणि शक्य तिथे पवित्र कम्युनियन नेण्याची व्यवस्था करावी. चाळीतली मुले त्या दिवशी वर्गालाही बसू शकतील. दोन, वर्षाच्या हिशेबात 'साफसफाई व स्वयंपाक' असे वेगळे खाते उघडावे आणि त्यात केंद्रशासित प्रदेशाच्या किमान वेतनाइतकी रक्कम तासाप्रमाणे लिहावी. ज्या बहिणी काम करतात त्यांच्या हातात ती महिन्याच्या एक तारखेला पडावी. त्यातल्या कोणाला ती दानपेटीत टाकायची असेल तर त्या टाकतील, त्यांना कोणी अडवणार नाही. पण पाकीट आधी त्यांच्या हातात. जमाखर्चाचा कागद सणाच्या आदल्या रविवारी नोटीस बोर्डावर लागावा, मराठीत आणि गुजरातीत, मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मिस्सानंतर उभे राहून तो वाचून दाखवायला आम्ही आहोत.